निवडुंग परत पाठवताना

मु. अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा
माघ वद्य तृतीया

प्रिय शालिग्राम,

'चिरंजीव' लिहायला बसले होते, पण ते आज हातून उतरेना, म्हणून नुसतं प्रिय. तेही जुन्या सवयीनं. किसनराव जबलपूरला येत आहेत, त्यांच्याजवळ एक टोपली दिली आहे. आत भुशात बसवलेली कुंडी आहे आणि कुंडीत तुझा निवडुंग. तू मागितलास, तो पाठवला. पण टोपली सोडायच्या आधी हे पत्र वाच, आणि एकटा बसून वाच. खुशाली, पीकपाणी असलं काही यात मागंपुढं लावलेलं नाही. मी रागात आहे. राग शांत झाल्यावर लिही, असं आई म्हणत होती. बरेच दिवस वाट पाहिली. तो शांत होत नाही.

घरच्या बोलीत लिहिलेलं तुला आवडत नाही. नागपूरला कॉलेजात गेलास तेव्हाच तू मला बजावलं होतंस की आक्का, पत्रात मले-तुले लिहीत जाऊ नकोस, खोलीवरची पोरं हसतात. म्हणून मी ही शाळेच्या पुस्तकातली भाषा लिहिते. ती मला तुझ्यामुळंच आली. तू ओसरीवर मोठ्यानं धडा घोकायचास आणि मी आत ज्वारी पाखडता पाखडता तो पाठ करायची. तुझी पाटी पुसायला माझ्याकडं यायची, पुसायच्या आधी मी ती गिरवायची. पण घरातली माणसं जे बोलली ते मी ती बोलली तसंच लिहिणार आहे. त्याची लाज वाटली तर वाटू दे.

हा निवडुंग घरात आला तो दिवस तुला आठवतो का ते माहीत नाही. गीताला सून म्हणून घरात येऊन जेमतेम महिना झाला होता. तू सुट्टीत आलास आणि पेटीतून कपडे काढायच्या आधी ही कुंडी काढलीस. पांढरीशुभ्र चिनी मातीची, निळ्या वेलबुट्टीची. त्यात नारळाएवढा हिरवा गोळा, खरबुजासारख्या धारा असलेला, आणि धारेधारेवर पिवळे काटे. कॉलेजच्या काचघरातला आहे, समुद्रापलीकडून आलेला आहे, साहेबानं खूश होऊन दिला, असं तू सांगत होतास. आई दारातच थबकली. तिनं म्हटलं, काट्याचं झाड घरात ठेवत नाहीत, बांधावर ठेव. तू हसलास आणि अर्धा तास अंधश्रद्धेवर बोललास. मग तू ती कुंडी माजघरातल्या खिडकीत ठेवलीस आणि आम्हा सगळ्यांदेखत गीताला म्हणालास, हे तू सांभाळायचं. आमच्यासमोर तू तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तिनं मान हलवली. त्या पोरीचा चेहरा मी पाहिला होता, रे. तिला वाटलं, नवऱ्यानं आपल्याला काहीतरी दिलं.

पुढं तुला शेतकी खात्यात नोकरी लागली, जबलपूरला. क्वार्टर मिळालं की गीताला नेतो, म्हणालास. आपल्या आळीत कुणी विचारलं की आई सांगायची, आता क्वार्टर मिळालं की पोरगा नेते तिले हो. पहिला दसरा गेला, दिवाळी गेली, दुसरा दसरा आला. तुझी पत्रं मात्र वेळेवर येत. ती पत्रं आईला मीच वाचून दाखवते हे तुला माहीत आहे, आणि मी वाचते तेव्हा गीता चुलीपाशी बसलेली असते हेही तुला माहीत आहे. प्रत्येक पत्रात तू निवडुंगाची चौकशी केलीस. झाडाची प्रकृती कशी आहे, खिडकीत ऊन येते का, पाणी अगदी बेताने द्यावे, उंदीर-घुशीपासून जपावे. एका पत्रात तर तू त्याचा घेर सुतळीनं मोजून कळवायला सांगितलंस. तो गीतानं मोजला आणि मी कळवला. त्या एवढ्या पत्रांत गीता हा शब्द तू लिहिला नाहीस. आपला बैल आजारी होता तेव्हा त्याचं नाव लिहिलंस. मी वाचताना कुठंतरी मध्येच घालायची की गीतालाही विचारलंय. पहिल्यांदा तिला खरं वाटलं. नंतर ती माझ्याकडं न पाहता लाकडं सारायला लागली, तेव्हा मी ते सोडून दिलं.

मध्यंतरी इथं काय चाललं होतं ते ऐक. वडील गेल्यापासून बागाईत आईच पाहत होती, पण गेल्या वर्षी तिला मुदतीचा ताप आला आणि त्यातून उठली ती नजर अधू घेऊनच. मग वांग्याची, मिरचीची तोड, बाजाराला गाडी लावणं, मोटेवरच्या गड्याला भाकर पोचवणं, सगळं गीताकडं आलं. मी होते, पण मी घरात. ती शेतात. आईला ताप होता तेव्हा तिचं अंग पुसणारी, तिची लुगडी धुणारी तीच. डोणगावच्या रंगरावांची लाडाची पोर आहे ती. बापाच्या घरी कांद्या-हळदीचा मळा आहे, पण तिथं तिनं एवढं राबलं नव्हतं. तुला हे मी प्रत्येक पत्रात लिहिलं. तू उत्तरात झाडाचं विचारलंस.

नजर गेली तशी आई त्या झाडाच्या नादी लागली. जिला ते घरात नको होतं, तिनंच त्याला देवासारखं धरलं. सकाळी पूजा झाली की तांब्यात उरलेलं पाणी आणून कुंडीत ओतायचं, संध्याकाळी दिवा लावला की परत. माह्या पोराचं झाड हाये, म्हणायची, सुकलं नाई पाह्यजे. गीतानं तिला दोनदा सांगितलं की आत्याबाई, याले पाणी चालत नाई. आई चिडायची. पाण्याबिगर काई जगते का, असं विचारायची. सासूला याहून जास्त कोण सांगणार? आणि त्या देखण्या कुंडीला बुडाशी भोक नव्हतं. साहेबाच्या टेबलावर शोभेला ठेवायची वस्तू ती. वर माती कोरडी दिसायची आणि खाली सारा चिखल. पोळ्याच्या सुमाराला तो गोळा एका अंगाला कलला. गीतानं बोट लावलं तर बोट आत गेलं. कुजलेल्या काकडीचा वास साऱ्या माजघरात भरला. आई कपाळाला हात लावून रडायला बसली. तिला वाटलं, तुलाच काही झालं.

मी तुला खरं तेच लिहिलं होतं. आईचं पाणी, बिनभोकाची कुंडी, आणि त्यात गीताची काही चूक नाही, हे स्पष्ट लिहिलं होतं. तुझं उत्तर आलं ते दुपारी. आई भिंतीला टेकली होती, गीता मिरच्या निवडत होती, मी वाचत होते आणि एका ओळीशी येऊन थांबले. आईनं विचारलं, काऊन थांबली? मी म्हटलं, शाई फिसकटलीय. तेव्हा गीतानं मान वर केली आणि म्हणाली, "वाचा नं बाई. पुरी वाचा." मी वाचली. 'एवढेसे झाड जिला सांभाळता आले नाही, ती संसार काय सांभाळणार?' तू लिहिलेली ओळ आहे, शालिग्राम. मला ती पाठ आहे. कुठला संसार, रे? कुठं मांडला होतास तो तू, जो तिनं सांभाळला नाही?

गीता उठली, हात धुतले, खिडकीतली कुंडी उचलून परसात नेली आणि उपडी केली. घाण पाणी आणि काळी माती. मुळं म्हणजे नुसता गाळ. मी म्हटलं, फेक उकिरड्यावर. ती ऐकेना. हाताला फडकं गुंडाळून तिनं तो गोळा धुतला, तिरका धरला आणि भाजीच्या सुरीनं बुडापासून चकत्या काढायला लागली. एक चकती काढायची, आतला गर पाहायचा, तांबूस डाग दिसला की पुढची काढायची, आणि मधूनमधून सुरी चुलीतल्या निखाऱ्यावर धरायची. अर्ध्याच्या जवळ आल्यावर गर पांढरट हिरवा दिसला. तिनं कापल्या जागेवर राख चोळली आणि तो तुकडा माळ्यावर, बियाण्याच्या कांद्यांशेजारी सावलीत ठेवला. तिच्या बापाच्या मळ्यात हळदीचं बेणं कापलं की असंच करतात, म्हणाली. याले चालन का नाई, मले बी ठाव नाई, असंही म्हणाली. आणि चाललं नाही. पंधरवड्यानं माळ्यावरून काढला तर कापल्या जागी मध्यभागी पुन्हा तांबडा गोल उठलेला. डाग आत खोल गेला होता आणि पहिल्यांदा तिनं हात आखडून कमी कापलं होतं.

ज्या दिवशी ती दुसऱ्यांदा कापायला बसली, त्याच दिवशी किसनराव आले. ते खामगावच्या कापसाच्या जिनिंगात आहेत आणि मालकाच्या कामानं त्यांना अधूनमधून तुझ्या त्या बाजूला जावं लागतं, हे तू विसरला असावास. ओसरीवर बसले, पाणी घेतलं, आणि बराच वेळ आपल्या टोपीची घडी करत राहिले. आईनं तुझं विचारलं. तब्येत चांगली आहे, म्हणाले. बंगला मिळालाय, म्हणाले. मग आई पूजेचं पाहायला आत गेली तेव्हा त्यांनी मला हळूच सांगितलं. तू त्यांना बंगल्याच्या अंगणात भेटलास, आत बोलावलंस, चहा दिलास. चहा जिनं आणला तिची तू 'आमच्या घरातल्या' म्हणून, म्हणजे बायको म्हणून, ओळख करून दिलीस. शिकलेली आहे, तिकडचीच आहे, कचेरीतल्या कुणा हेडक्लार्कची मुलगी. तिच्या कडेवर लेकरू होतं. तुझ्या नाकाचं, म्हणाले. किसनरावांनी तुला विचारलं की अमडापूरला काय सांगू? तू म्हणालास, सांगण्याची घाई नको.

माजघराचं दार ओसरीवरच उघडतं. गीता दारामागं जमिनीवर बसली होती, मांडीशी निवडुंग, हातात सुरी. मी आत गेले तेव्हा तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याजवळ बसले. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पोरगा हाये का पोरगी?" मी म्हटलं, पोरगा. तिनं मान हलवली, सुरी निखाऱ्यावर धरली आणि कापायला घेतलं. या वेळी तिनं हात आखडला नाही. डाग संपला त्याच्याही वर दोन बोटं कापलं. नारळाएवढ्या गोळ्याची मोसंबी उरली. काट्यांनी तिची बोटं रक्तबंबाळ झाली होती, ती तिनं पदराला पुसली आणि स्वयंपाकाला लागली.

त्या बाईबद्दल मी वाईट लिहीत नाही. माझा तिच्यावर राग नाही. तिला तू गीताचं सांगितलं असशील असं मला वाटत नाही. कायद्यानं तुला दोन काय, चार बायका करता येतात हेही मला ठाऊक आहे, ते मला शिकवू नकोस. आपल्या गावात दोन बायकांचे दादले आहेत, पण ते दोघींच्या समोर उभे राहतात. तू एकीला बंगल्यात ठेवलंस आणि दुसरीकडून आईचं अंग पुसून घेतलंस. तुला शिकवायला मी काय काय केलं ते मी कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही. पण शिकून माणूस एवढा भित्रा होतो हे ठाऊक असतं, तर मी तुझी पाटी पुसून दिली नसती.

दिवाळीच्या आधी रंगराव पोरीला न्यायला आले. त्यांच्या कानावर गेलं होतं, आईलाही मी सांगितलं होतं. आईनं त्यांना जेवायला वाढलं आणि विनवलं की पोरीला नेऊ नका, पोर चुकलं असेल तर येईल ठिकाणावर, एक दिवस येईल. रंगराव खाली मान घालून ऐकत होते. मी आईला म्हटलं की तो यायचा नाही, आणि आला तरी कशाला यावं? त्यावर आई जे बोलली ते वाच. "बाईच्या जातीले थांबाच लागते. तू नाई का थांबली?"

मी थांबले नव्हते, शालिग्राम. मला थांबवलं होतं. आणि ते कुणी, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे, कारण वडील गेले आणि आई सोयीनं विसरली. माझा नवरा गेला तेव्हा मी गीताएवढीच होते. आपल्या जातीत विधवेचा पाट लागतो, आजीचा लागला होता, मोठ्या मावशीचा लागला, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. उंद्रीचे निवृत्ती दोन वेळा आपल्या ओसरीवर येऊन गेले. चांगला माणूस होता, मळा होता, बायको बाळंतपणात गेलेली. वडील तयार होते. मीही तयार होते, आणि ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. तू सुट्टीत आलास. वडिलांनी तुझा सल्ला घेतला, कारण तू घरातला शिकलेला. मी दारामागंच होते. तू म्हणालास की आता सुधारलेल्या घरांत पाट लावत नाहीत, वरच्या लोकांत हसं होतं, आणि पाट लावलेल्या बहिणीच्या भावाला चांगलं स्थळ कोण देईल? वडिलांनी निवृत्तींना नकार कळवला. पुढं त्यांनी दुसरीकडं केलं. बाजारात कधी दिसतात, नमस्कार करतात, मी करते. एवढंच. तुला चांगलं स्थळ मिळालं. डोणगावची गीता मिळाली. तिचं तू असं केलंस.

आईला मी हे सगळं रंगरावांसमोर ऐकवलं. रंगराव पोरीला म्हणाले, चाल. गीता म्हणाली, आता नाही, मी सांगीन तेव्हा या. ते नाइलाजानं परतले. मला वाटलं, ही अजून तुझी वाट पाहते आहे, आणि तिचाही राग आला. मोसंबीएवढा तो तुकडा महिनाभर माळ्यावर सुकत होता. पार सुरकुतला, कापलेली जागा आत ओढली जाऊन जोड्याच्या तळव्यासारखी घट्ट झाली. मग तिनं फुटक्या मडक्याचं बूड घेतलं, खिळ्यानं त्याला भोकं पाडली, नदीची जाड रेती, विटांचा चुरा आणि थोडीशी माती भरली आणि वर तो नुसता टेकवला. पाण्याचा थेंब नाही. आई चाचपडत तांब्या घेऊन गेली, तेव्हा गीतानं तिचा हात धरला. "आत्याबाई, याले हात नोका लावू." सासूचा हात धरणारी सून मी आपल्या घरात पाहिली नव्हती. आईनं तांब्या खाली ठेवला.

मी तिला रोज बोलायची. त्या माणसाचं झाड तू काऊन जगवून राह्यली, म्हणायची. दे फेकून विहिरीत. बागाईत, बाजार, आईची औषधं सगळं आटोपून ती खिडकीशी जायची, बोटानं त्याला हलकेच हलवून पाहायची आणि निघून यायची. हलतो म्हणजे मुळं नाहीत. थंडीभर तो हलत राहिला. एका कडेला पिवळा पडला, आणखी आक्रसला. मला वाटलं, गेला, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. संक्रांतीची सुगडं आणली त्या दिवशी तिनं मला हाक मारली. बोट लावलं तर तो हलेना. तिनं रेती जरा बाजूला केली. सुईएवढी पांढरी मुळं रेतीत गेली होती. तेव्हा कुठं तिनं चमच्यानं त्याला पहिलं पाणी दिलं. आता शेंड्यावर नवे काटे आले आहेत, मऊ, तांबूस. सुरकुत्या भरत आहेत. कडेचा पिवळा डाग तेवढा राहील. तो जायचा नाही.

आणि मग तुझं पत्र आलं. कमिशनर साहेबांच्या मडमेनं फुलझाडांचं प्रदर्शन भरवलं आहे, वरिष्ठांवर छाप पडेल, तरी माझा निवडुंग जगला असल्यास किसनरावांबरोबर पाठवणे. एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण या पत्रात तू पहिल्यांदा तिचं नाव लिहिलंस. 'गीताने तेथेच राहावे. आईला तिची सवय झाली आहे. तिला अन्नवस्त्राला कमी पडू देणार नाही.' मी ते वाचलं, अडखळले नाही. वाचून झाल्यावर म्हटलं, झाड पाठवायचं नाही. मी स्वतः ते उपटून बांधावर फेकते. तेव्हा गीता बोलली. एवढ्या दिवसांत ती सलग इतकं बोललेली मी ऐकली नव्हती. "नाई बाई, पाठवा. त्यायचं हाये, त्यायले जाऊ द्या. म्या ते त्यायच्यासाठी नाई जगवलं. मेलं असतं तं जलमभर म्हणले असते का गीतानं मारलं. आता म्हणता येनार नाई. त्यायचं त्यायले भेटलं. आता माह्यं मले द्या म्हना."

म्हणून झाड आलं आहे. ते त्या मडक्याच्या बुडातच आहे. पांढरी कुंडी दिली नाही, ती आईनं स्वतः परसात नेऊन फोडली. झाडाला आठवड्यातून एकदा चमचाभर पाणी घाल, जास्त नको. प्रदर्शनात ठेवायचं असेल तर डाग मागच्या बाजूला कर, पुढून दिसणार नाही. तुला ते जमेल.

आता हे पत्र का लिहिलं ते. गीतानं बापाला निरोप पाठवला आहे. फाल्गुनातल्या पहिल्या सोमवारी आपल्या ओसरीवर पंच बसत आहेत. डोणगावचे चौघं येतील, आपले महादेवराव आणि उकंडराव असतील. तू यायचं, पंचांसमोर काडी मोडायची आणि तिला मोकळं करायचं. पुढं ती पाट लावेल, बापाचा मळा पाहील, काय करायचं ते करेल, तो तुझा विषय राहणार नाही आणि माझाही नाही. तुझी नोकरी, तुझा बंगला, तुझं लेकरू याला कुणी हात लावत नाही. लेकरू सुखात राहो, त्याला आत्याचा आशीर्वाद सांग. पण तू आला नाहीस, किंवा रजा मिळत नाही असं कळवलंस, तर मी पंचांसमोर उभी राहून सांगेन की माझ्या भावानं हिला टाकली आहे. निवृत्तींचं जे झालं तेही सांगेन, नाव घेऊन. पंचांत बाईनं बोलायची रीत नाही, असं महादेवराव म्हणाले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही फक्त ऐकायला या. आई दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होती. तिला तुझ्या बाजूला बसकर टाकून बसावं लागेल असं मी धरून चालले होते, आणि त्याबद्दल मी तिला दोष दिला नसता. काल संध्याकाळी ती उठली, गीताच्या हातून दोन घास खाल्ले आणि मला म्हणाली, "सोमवारी माह्यं बसकर गीताजोळ टाक." पत्रात लिहू का, म्हणून मी विचारलं. लिही, म्हणाली.

अजून तरी तुझीच,
आक्का